'येते' एवढंच म्हणाली

माझं नाव आणि पत्ता वर लिहून दिलाच आहे. वय एक्केचाळीस, धंदा इस्त्रीचं दुकान, राहणार दुकानाच्याच माडीवर. आज ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मयत ही माझी धाकटी नणंद. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. वय छत्तीस, पण घरात सगळे तिला छकुलीच म्हणतात. म्हणायचे, असं लिहा हवं तर.

लग्न मोडल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. पहिलं वर्षभर खोलीचं दार लावून पडून असायची. मग एक दिवस माझ्या मिस्टरांचे जुने बूट घालून पळायला गेली आणि आल्यावर मागून घेऊन जेवली. त्यानंतर मी तिच्या पळण्याला कधी नावं ठेवली नाहीत. तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, मात्र बजावलं होतं, लांब पळायचं तर एकटीने जायचं नाही. म्हणून रविवारी ती पळणार आणि मी पुढे सायकलवर, हँडलला पाण्याच्या बाटल्या. पुढच्या महिन्यात तिची पहिली मॅरेथॉन होती. बेचाळीस किलोमीटर. मी म्हणायचे, अगं, एवढ्या अंतराला माणसं बस पकडतात. स्पर्धेचा शर्ट तिने माझ्याकडे इस्त्रीला टाकला होता. असल्या कापडाला इस्त्री लावली की ते चिकटतं, हे सांगून माझं तोंड दुखलं, पण बाईसाहेबांना घडी कडकच हवी होती. शर्ट अजून दुकानात आहे.

तिच्या मनगटावर पळण्याचं घड्याळ असायचं. बुटाची नाडी बांधायला वाकली तरी आधी त्याचं बटण दाबायची. एकदा मी विचारलं, झालं का पळून? तर म्हणाली, "वहिनी, थांबवणं वेगळं आणि संपवणं वेगळं." त्या दिवसाचं पळणं खरोखर आटोपलं किंवा सोडून दिलं, तरच ती ते संपवायची.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात बाहेर पडताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. तुमच्याही घरात म्हणत असतील. मागे एका रविवारी टाच सोलली म्हणून ती वाटेतूनच फिरली. घड्याळ संपवलं, मागून 'येते' अशी हाक दिली आणि चालत घरी गेली. मला वाटलं, माझ्या मागे येतेय. मी पंपघराजवळच्या नळापाशी वाट बघत बसले, ऊन डोक्यावर येईपर्यंत. घरी पोचले तर बहीणभाऊ आरामात चहा पीत बसलेले. वहिनी नळाला राखण बसली होती म्हणून पुढे कितीतरी दिवस माझी थट्टा चालली होती. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

परवा रविवारी आम्ही उजाडताच निघालो. आदल्या रात्रीपासून तिच्या छातीत जळजळत होतं. पित्त असेल, म्हणाली. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणे, आज राहिलं तर मॅरेथॉनच राहील. कालव्याच्या कडेला चढ लागतो, तिथे तिची पावलं मागे पडली. छोट्या पुलावरून मी पुढे गेले आणि मागून आवाज आला, "वहिनी, येते." मी वळून पाहिलं नाही. त्या चढावर मान वळवली तर मी सायकलसकट कालव्यात पडेन. आवाज दमलेला होता, पण पळताना तो दमलेलाच असायचा.

पंपघरापाशी थांबून बाटल्या भरल्या. ती येईना. किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही, घड्याळ तिच्याकडे होतं. मला मागची थट्टा आठवली. म्हटलं, आज नाही मी फसायची, ही गेली असेल घरी. हमरस्त्याला सलग उतार आहे म्हणून मी कालव्याने न येता तिकडून परत आले. तिला काय काय ऐकवायचं ते वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं.

घरी मिस्टर एकटेच होते. आम्ही स्कूटरवरून कालव्यावर गेलो. पुलाच्या कठड्याला टेकून ती बसली होती, डोळे मिटलेले. ह्यांनी हाका मारल्या, मी तोंडावर पाणी मारलं. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. लवकर कळलं असतं तर, असं काहीतरी ते पुढे बोलत होते, ते मी ऐकलं नाही. माझा कुणावर संशय नाही.

हवालदारसाहेबांनी या जबाबात आधी "'मी घरी जाते' असे ती म्हणाली" असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. ते म्हणाले, "बाई, अर्थ तोच. आणि तुमच्याही अंगावर काही येणार नाही." माझ्या भल्यासाठीच म्हणाले. पण पुलावर मी तिचा हात हातात घेतला तेव्हा ते घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिने ते संपवलं नव्हतं, थांबवलं होतं. जरा दम घेऊन ती माझ्या मागे येणार होती. मी परत कालव्याने आले असते तर ती वाटेतच होती.

मिस्टर बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "नेमकं काय म्हणाली ती?" मी सांगितलं, येते म्हणाली. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटतंय, ती परत फिरली होती. घड्याळाचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मी सांगितलं तसंच उतरलं आहे. खोडलेल्या जागी 'येते' लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. सही करून आता बाहेर त्यांना सांगायला जाते. जाते, असंच लिहा.