कालिंदी परबची शिफारस

...अहो, पण स्वतःचं कौतुक स्वतः कसं करायचं, तुम्हीच सांगा! तेही दुसऱ्याच्या तोंडून! साळवी वकील म्हणजे आमचे सर, करी रोडला ऑफिस, मी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं टायपिस्ट... त्यांच्यापुढे नुसतं तोंड उघडलं, "सर, एक शिफारसपत्र हवं होतं, एम.ए.च्या अ‍ॅडमिशनला..." तर कुणासाठी तेही न विचारता म्हणाले, "तुम्हीच लिहा तावडेबाई, मी सही ठोकतो!"

तुम्हाला सांगते, ही आमच्या ऑफिसची जुनी रीत. सरांचा ज्युनिअर परदेशी निघाला की पत्र मी लिहायचं, सही सरांची. त्या अर्णवला मी 'असामान्य बुद्धिमत्तेचा तरुण' लिहिलं... अर्णवला! ज्याला स्टेपलरमध्ये पिना कुठून भरतात ते मी तीनदा दाखवलं! आता बसलाय लंडनला. माझ्या विशेषणांवर गेलाय हो तो, माझ्या!

आणि स्वतःचं लिहायला बसले तर काय सुचावं? 'वक्तशीर. आज्ञाधारक. टापटीप.' आमची आरोही, लेक माझी, एफवायला आहे, स्क्रीनवर डोकावून म्हणते, "मम्मी, हे कॉलेजला पाठवायचंय की सासूला?" बरं, का शिकायचंय त्यावर निबंध पण मागतात. तो मी सुरू केला होता, 'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की...' हातच तसा वळलाय, काय करू? नवरा बातम्या बघत होता. म्हटलं, अहो, दोन शब्द सुचवा ना माझ्याबद्दल... मान पण वळवली नाही. "तूच लिही गं, सही कुठे करायची ते सांग!"

त्यात नावाची भानगड. अ‍ॅडमिशनचं पोर्टल म्हणतं, पदवीच्या सर्टिफिकेटवर असेल तेच नाव घाला. त्यावर आहे कालिंदी दगडू परब. लालबागची, मिलमधल्या दगडू परबांची पोरगी. वादविवादाचे कप आणायची आणि गिरण्या का बंद पडल्या ते मी मोठ्या कॉलेजात जाऊन शिकणार, असं अख्ख्या चाळीला सांगून बसली होती. मग लग्न झालं, तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं, मीनाक्षी. का? तर सासरी एक कालिंदी आधीच होती, आत्येसासूबाई! हाक मारली तर दोघी धावतील म्हणे! अहो, आत्येसासूबाई ठार बहिऱ्या, त्या कशाला धावतायत?

तर टाइप केलं एकदाचं 'कालिंदी परब'... आणि काय झालं कोण जाणे, बोटं सुटलीच! कुणीतरी कधीतरी म्हणावं असं जे जे वाटत आलं ते सगळं लिहिलं. केससाठी आलेले म्हातारे गिरणी कामगार हिच्यापाशी तास तास बोलतात. कोर्टात मुद्दे मी मांडतो, पण शोधून हीच देते. हिला शिकायचं आहे, फार शिकायचं आहे, ही ओढ मी रोज पाहतो... 'पाहतो' बरं का, सरांच्या तोंडून! लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. इतकं चांगलं माझ्याबद्दल कोण बोललंय हो आजवर?

शेवटच्या दिवशी चारला कागद सरांपुढे ठेवला. पाचला पोर्टल बंद. आणि एकोणीस वर्षांत कधी नव्हे तो सरांनी चष्मा लावला. वाचायला! म्हणाले, "कोण हो ही कालिंदी परब? एकोणीस वर्षं आपल्याकडे? काहीतरी टायपिंगची चूक झालीय तुमची. एवढी हुशार बाई ऑफिसात असती तर मला दिसली नसती का?"

"सर... मीच ती."

बघतच राहिले माझ्याकडे. वाटलं, आता बोलतील काहीतरी. बोलले. "म्हणजे नावात तफावत आहे. आधी अ‍ॅफिडेव्हिट करा, दोन्ही व्यक्ती एकच म्हणून. तुम्हीच लिहा, मी सही ठोकतो!" सर नोटरी पण आहेत ना.

अशी अ‍ॅफिडेव्हिटं मी शेकड्यांनी केलीत, गिरणी कामगारांच्या बायकांची. माहेरची हिरा, सासरची मालन... डोळे मिटून टाइप करते. 'मीनाक्षी राजेश तावडे व कालिंदी दगडू परब या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून...' आणि हात थांबला. अहो, शपथेवर लिहायचं! खोटं कसं लिहू? ती कालिंदी भर सभेत माईक हातात घेऊन बोलायची. मी ऑफिसात शिंकायचं झालं तरी बाहेर जाते. बावीस वर्षांत भेट नाही हो आमची. रस्त्यात समोर आली तर ओळख तरी देईल की नाही, देव जाणे... फार आठवण येते तिची, खरं सांगते.

पण पावणेपाच झाले होते. लिहिलं. सरांनी दोन्हीवर सही ठोकली, मी कागद पोर्टलवर चढवले, पाचला दोन मिनिटं कमी होती. आता घेतलंच कॉलेजनं, तर वर्ग जुलैत सुरू होतील. तोवर शोधते तिला. आणि नाहीच सापडली तर... तर काय, तिच्या नावाची हजेरी मीच देईन.