उद्याच्या सह्या

मंडळी, माफ करा, फार उशिरा उभा राहिलो. हे सगळं शैलाताई हयात असतानाच त्यांना पत्राने कळवायला हवं होतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गणपत. हडपसरच्या एका रुग्णालयात वॉर्डमामा होतो. चौथी शिकलो, सही येते. ताई तिथे दर्जा तपासायला यायच्या. रुग्णालयाच्या नाहीत, सरकारच्याही नाहीत. बाहेरच्या, स्वतंत्र संस्थेच्या. म्हणून सगळे घाबरायचे.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि तक्त्यावर सही करायची, हे माझं काम. पण माणसं कमी, खाटा जास्त. तपासणीच्या सकाळी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, महिन्याचा तक्ता भरून टाका. मी एका बैठकीत भरला. घाईत दुसऱ्या दिवसाच्याही सह्या केल्या.

ताईंनी एका आजोबांच्या खाटेपाशी तक्ता पाहिला. म्हणाल्या, "मामा, उद्याची कूस आजच बदललीत? आजोबांना विचारलंत का?"

कोणी हसलं नाही. त्यांनी आजोबांची चादर उचलली. पाठीला जखम होती, तळहाताएवढी.

मी म्हटलं, नोकरी जाईल हो माझी. त्यांनी अहवालात माझं नाव लिहिलं नाही. जखम लिहिली. रुग्णालयाचा दर्जा घसरला, मग कुठे दोन माणसं वाढली. आजोबांची पाठ भरून आली.

जाताना ताईंनी पत्ता लिहिलेला कागद दिला. "आम्ही वर्षातून एकदा येतो, मामा. तुम्ही रोज असता. पुन्हा कोणी अशा सह्या करायला लावल्या, तर कळवा."

लावल्या, मंडळी. वाढवलेली माणसं काढली आणि पुन्हा लावल्या. निवृत्तीला सहा महिने होते, मी केल्या. कागद खिशात होता. आजही आहे, हा बघा. मी कळवलं का? नाही कळवलं. त्या वर्षी ताई आजारी होत्या. दुसरे साहेब आले. त्यांनी तक्ता पाहिला, चादर नाही उचलली. दर्जा उत्तम मिळाला. त्या चादरीखाली एक आजी होत्या. त्याच महिन्यात गेल्या. जखमेने की वयाने? मला कोण सांगणार?

ताईंच्या संस्थेची माणसं समोर बसली आहेत. याच कागदामागे मुलीकडून त्या वॉर्डाचा नंबर आणि माझा पत्ता लिहून आणलाय. आता माझं नाव लिहिलंत तरी चालेल.

ताईंसाठी आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. मग तुम्ही तिथे जा, न सांगता जा. तक्ता नंतर बघा, आधी चादर उचला. आणि काय दिसलं ते मला लवकर कळवा हो. लवकर कळवा.