पोटाच्या गोळ्या आणि थोरली जाऊ

माझं माहेर मैंदर्गी, घरात सगळे कानडीच बोलायचे, मराठी मी हितं कुंभारीला लग्न होऊन आल्यावर शिकले, आन् विड्या वळायलाबी हितंच. काय सांगू तुमाला, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं, पाठ दुखली की चहासंगं दुखायची गोळी, पोटात अन्नाचा कण नसताना, रोज, कैक वर्षं. त्यानं आतडं सोलतंय हे कुणाला ठावं होतं? मग एक दिवस संडासला डांबरागत काळं झालं, डोळ्यांपुढं अंधारी आली. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात तोंडातनं नळी घालून बघितलं, म्हणले पोटात जखम हाय, दुखायची गोळी बंद, आन् ही कॅप्सूल रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, चुकवायची न्हाय.

मी न्हाय की चुकवली. पण दवाखान्यातच संपली. खिडकीवरचा माणूस म्हणला वरनंच माल आला न्हाय, सोमवारी या. सोमवारी गेले तर पुढच्या सोमवारी या. आमच्या गावातला मेडिकलवाला म्हणायचा, मावशी, मागणी टाकलीया, येतंच न्हाय. आठ दिवसांत पोटात परत विस्तव पेटला.

आमची थोरली जाऊ कस्तुराबाई, भिंतीला भिंत लागून राहती. नळाच्या पाण्यावरनं आमचं बिनसलेलं, चार वर्षं बोलणं न्हाय. तिला छातीत जळजळ, तिलाबी हीच कॅप्सूल, आन् तिच्याकडं दोन महिन्यांची शिल्लक होती. आमचे मालक म्हणले मी मागून आणतो, मी म्हणले मेले तरी न्हाय. तिला कुणी सांगितलं, अजून कळलं न्हाय. दुपारची आली, पाकिटं माझ्या सुपात टाकली आन् उभ्यानंच म्हणली, माझं नुसतं जळतंय, तुझं आतनं फाटतंय, घे.

मी घेतली. मला उतार पडत गेला, आन् भिंतीपलीकडनं तिच्या ढेकरा ऐकू यायच्या, लई वंगाळ वाटायचं. ताक पाठवायची मी, दुसरं काय करणार?

आता औषध येतंय, कधी पुरं, कधी निम्मं. आमी दोघी एकाच बसनं जातो, लायनीत एक उभी राहती, एक टेकती. लई गोड बोलतो असं न्हाय. पण कस्तुराक्कानं माझ्या आधी जाऊ नये, एवढंच मागणं हाय बघा.