एकच कप दूध

एक कप! एक कप म्हणाला होता हो तो, कप! पातेलं नाही, घमेलं नाही, उंटांना पाणी पाजायची टाकी नाही... आणि आता अख्खं गाव मलाच विचारतंय, "काय रे बखीत, लोक व्यायाम करून बारीक होतात, तू फुगलास कसा?" काय सांगू मी? तुम्ही या रस्त्याने पायी निघालात, पायात धावायचे बूट दिसतायत, म्हणून तुम्हाला सांगतो, नाहीतर मी कशाला कुणापुढे रडगाणं गातोय? टेका जरा त्या दगडाला.

तर तो म्हणजे माझा भाचा, महाद. मस्कतला जाऊन व्यायामाचं शिकून आला आणि आल्या आल्या आमच्या गावच्या चाळिशीपुढच्या फुटबॉल संघाचा कोच झाला. आणि मी कोण? मी नऊ नंबर! या सगळ्या डोंगरात कुणालाही विचारा, तरुणपणी गोल कोण मारायचा... बखीत! पण पाणी खात्यातल्या खुर्चीत बसून बसून माझं काय झालंय ते तुम्ही बघताच आहात. इतकं बघू नका हो. महादने नऊ नंबरचा नवा शर्ट आणला, मी डोक्यातून घातला, छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. ना खाली येईना, ना वर जाईना! शेवटी माझी बायको तुफूल, तिने बाही धरून ओढून काढला, तर समोर कोण उभा? शेजारचा मुसल्लम! काडी आहे नुसती, डब्यातल्या पावडरी खाऊन जगतो. म्हणतो कसा, "मला बसेल की हा!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडच्या गावाशी सामना ठरला होता, त्याच्या आत मला त्या शर्टात मावायचं होतं. बस्स, जगात दुसरं काही नको होतं मला.

महाद म्हणाला, "मामा, पावडरबिवडर विसरा. रोज संध्याकाळी भरभर चाला आणि चालून झालं की एक कप दूध. प्रोटीन त्यात, कॅल्शियम त्यात, घामाने गेलेलं पाणीसुद्धा त्यात. सांडणीचं मिळालं तर झकासच." घ्या! ओमानच्या या धोफर डोंगरात, दारोदार उंटिणी असताना, म्हणे मिळालं तर! मी म्हटलं, एवढंच ना? दूधच तर आहे!

आता दुकानात बाटली मिळते. मिळत नाही असं नाही. पण मी नुसतं नाव काढलं, तर तुफूल कंबरेवर हात ठेवून, "दूध विकत? घासीकाका आणि त्याच्या सांडण्या धडधाकट असताना? लोक म्हणतील, या बखीतला दूध पाजणारं कुणी उरलं नाही!" खरंच आहे तिचं. आमच्यात दूध विकायचं नसतं, विकत आणायचं नसतं. पाजायचं असतं. म्हणून मग महादचा तो मापाचा प्लास्टिकचा कप खिशात टाकला आणि चालत चालत गेलो घासीकाकाच्या कुंपणाशी.

काका धार काढत होता. एका पायावर उभा, दुसरा गुडघा वर, गुडघ्यावर भांडं, आणि या वयात तोल जरा म्हणून ढळत नाही! मी कप पुढे केला. काकाने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुणाच्या डोळ्यांत औषध घालायचंय?"

"काका, एवढंच सांगितलंय मला."

"कुणी सांगितलं? तुझ्या बापाने आयुष्यात असल्या टोपणातून दूध प्यायलं नाही. धर!"

आणि दिलं ना हातात ते लाकडी भांडं, वर हा एवढा फेस! त्या भांड्याचं बूड गोल. खाली ठेवायची सोयच नाही, ठेवलं की कलंडलं. म्हणजे काय, एकदा हातात घेतलं की पोटाशिवाय दुसरी जागा नाही! आणि मी जरा दम घ्यायला थांबलो, तर काका, "घाबरतोस काय? दूधच तर आहे!"

बरं, तिथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण परतीच्या वाटेवर थुमनामावशीचं कुंपण! माझ्या आईची मैत्रीण. लांबूनच ओरडली, "बखीत! ओठांवर फेस कुणाचा? घासीचा? त्याच्या सांडण्या दूध देतात, आणि माझ्या काय ताक देतात?" पोराला हाक मारून तिने ताजी धार काढायला लावली, वर पदरचे खजूर. मावशीच्या पुढे तिचा दीर, दिराच्या पुढे त्याचा साडू... एकाकडे प्यायलो आणि दुसऱ्याकडे नाही, तर पिढ्यानपिढ्यांची भांडणं उभी राहायची! घरी पोचेपर्यंत पोटात असं डबक-डबक वाजायचं की कुत्री मागे वळून बघायची.

वाट बदलून पाहिली, तर नवीन वाटेवर नवीन कुंपणं! डोकं गुंडाळून गेलो, तर मावशी म्हणते, "तोंड झाकून चाललास, पण चाल तुझ्या बापाचीच आहे, ये!"

महादने काट्यावर उभं केलं. काटा बघून पोराचा चेहराच उतरला.

"मामा, वाढलं."

"स्नायू असतील रे!"

"मामा, स्नायू असे लोंबत नाहीत."

"मग तुझं दूधच वाईट!"

"दूध चांगलंच आहे, मामा. पण मी कप सांगितला होता, तुम्ही कळप पिऊन येता!"

आणि गेला हो माझा नऊ नंबर. मुसल्लमला दिला. रडायला आलं मला, खोटं कशाला सांगू? मला म्हणाला, "मामा, तुम्ही गोलात उभे राहा. नुसते उभे राहा. बाकी आपोआप होईल."

सामन्याच्या दिवशी पलीकडचं गाव आलं. काय ती माणसं! पोट नाही, घाम नाही, नुसती हरणं. मध्यंतरापर्यंत माझ्या दोन्ही बाजूंनी एकेक गोल घातला. आणि आमचे? आमचेही दोन, त्यात एक त्या मुसल्लमचा, ते राहू दे. मध्यंतर झालं आणि घासीकाका हजर! मागे मावशी, तिचा दीर, दिराचा साडू, सगळ्यांच्या हातात भांडी. आमची पोरं धावली, तर काका गरजला, "मागे व्हा! आधी पाहुणे!"

आणि पाहुण्यांना नको म्हणता येतं का हो? डोंगरातलीच माणसं ती! एकाने घासीकाकाचं घेतलं, मग मावशीचं कसं सोडणार? बिचाऱ्यांचा कोच कडेला उभा राहून, "बस झालं, बस झालं" करतोय, आणि मावशी त्याच्याच हातात भांडं देऊन म्हणते, "तू घे रे आधी, किती वाळलायस! दूधच तर आहे!"

मध्यंतरानंतर ती हरणं अशी चालत होती हो, पोटावर हात ठेवून! मला एकेकाची डबक-डबक गोलातून ऐकू येत होती. माझ्याच पोटचा आवाज तो, मी नाही ओळखणार? आमचा तिसरा गोल झाला, आणि अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. त्यांचा तो मोठा खेळाडू आला, धावला... धावला कसला, डुलत आला, लाथ मारली, ढेकर दिली, आणि चेंडू गरगर गरगर येऊन माझ्या पायाशी थांबला. वाकून उचलता येईना मला, म्हणून नुसता पाय ठेवला. जिंकलो!

मग काय, जो तो, "बघा दुधाची ताकद!" महादसुद्धा बेशरमपणे सांगतोय, "मामांचा आहार मीच ठरवला होता." आणि घासीकाका डोळे पुसत पुढे आला, सगळ्या गावादेखत माझ्या हातात दोरी दिली. दोरीच्या त्या टोकाला दुभती सांडणी! "हा एकटा रोज न चुकता प्यायला आला रे," म्हणाला. नको म्हणायची सोय आहे का? ही बघा, तीच ही. स्वभावाने गरीब आहे, पण दूध देते... देते... देतच राहते. विकता येत नाही, ओतता येत नाही, मुलं शहरात, तुफूल म्हणते पोट भरलं, आणि महाद? महाद कप मोजून घेतो, चांडाळ! म्हणून मग संध्याकाळी असा रस्त्यावर येऊन उभा राहतो, कुणी चालायला निघालेलं दिसतंय का बघत. तो नऊ नंबरचा शर्ट ना? मुसल्लमलासुद्धा घट्ट व्हायला लागलाय आता. रोज इथूनच जातो ना तो!

अहो, अहो, उठलात कुठे? आत्ताच काढलंय, फेस बघा. काय म्हणता, तुम्हालाही एकच कप सांगितलाय? हो हो, मलाही सांगितला होता. दोन्ही हातांनी धरा, बूड गोल आहे, खाली नाही ठेवता येत... घाबरताय काय एवढे? दूधच तर आहे!