पेन्सिलीचे दोन ठोके

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पुस्तक समितीचे प्रमुख, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, छापखान्याचे व्यवस्थापक, फोरमनदादा, जुळणी आणि बांधणी विभागातले माझे सगे-सोयरेच म्हणावेत असे सहकारी, आणि सुट्टीच्या दिवशीही माझ्यासाठी चांगले कपडे घालून आलेल्या मंडळींनो,

आपण माझ्याबद्दल इतकं गोड बोललात की मधेच मला शंका आली, ही बाई अजून जिवंत आहे ना? बांधणीतल्या आमच्या मावशींनी तर मला ‘छापखान्याची माऊली’ केलं. मावशी, मागच्याच महिन्यात तुम्ही मला ‘खडूस म्हातारी’ म्हणाला होतात. दाराआडून ऐकलं मी. ते जास्त बरोबर होतं.

एकतीस वर्षं मी या इमारतीत मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. काम काय, तर दुसऱ्याच्या चुका शोधायच्या. सासूबाई म्हणायच्या, ‘हिला त्याचा पगारही मिळतो!’ आज मात्र मला एक चूक शोधायची नाही, सांगायची आहे. अध्यक्ष महोदय, मला दहा मिनिटं दिली आहेत. कदाचित दोन जास्त लागतील. एकतीस वर्षांत मी जास्तीचं काही मागितलेलं नाही, तेव्हा एवढं द्या.

इथल्या नव्या मुलामुलींनी आमचं टेबल पाहिलेलं नाही. आता सगळं पडद्यावर होतं. पूर्वी प्रूफ दोघं मिळून तपासायचे. एकजण, म्हणजे वाचक, मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा, दुसरा, म्हणजे मुद्रितशोधक, समोर बसून छापलेल्या कागदावर बोट फिरवायचा. बरोबर असेल तर खूण, चुकलं असेल तर खोड. आणि वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं, स्वल्पविरामासकट. खिडकीजवळच्या त्या हिरव्या टेबलावर माझ्यासमोर एकतीस वर्षं एकच माणूस बसला. दिवसभर वाचायचे म्हणून सगळे त्यांना ‘रेडिओ’ म्हणत. सवय इतकी की बोलतानाही सुटायची नाही. ‘बाई, चहा गार झाला, पूर्णविराम. बिस्किट कोणी खाल्लं, प्रश्नचिन्ह.’ मी खाल्लेलं असायचं.

समोरची ती रिकामी खुर्ची मी मुद्दाम ठेवायला सांगितली. ते आलेले नाहीत. येणार नाहीत, हेही मला माहीत होतं.

रेडिओ नदीकाठचे. पुलाच्या त्या टोकाला, जिथे पाणी उतरलं की गाळ राहतो, तिथली ती वस्ती. हे लोक स्वतःला ‘काठचे’ म्हणतात. गाव वसायच्या आधीपासून ते तिथे आहेत. गावानं मात्र त्यांना दुसरं नाव दिलं, ‘गाळातले’. आपल्यातल्या केस पिकलेल्या सगळ्यांनी तो शब्द वापरलेला आहे. मीसुद्धा. आमच्या कॉन्व्हेंटची बस पुलावरून जायची, तेव्हा आम्ही पांढरे मोजे घातलेल्या मुली खिडकीतून तो शब्द ओरडायचो. खाली मुलं पाण्यात उभी असायची. त्यांच्यात रेडिओ असतील का? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण उत्तर ऐकायची छाती नव्हती.

आमच्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकात या लोकांवर एकच ओळ होती, तीही एका चित्राखाली. ‘नदीकाठी गाळातले लोक राहतात, ते कपडे धुतात.’ संपला त्यांचा इतिहास. माझ्या पहिल्याच आठवड्यात ती ओळ आली. रेडिओ वाचत होते, ‘नदीकाठी...’ आणि थांबले. मग पेन्सिलीनं टेबलावर दोन ठोके दिले. टक, टक.

मी म्हटलं, “काय झालं?”

ते म्हणाले, “तिथे एक शब्द आहे, बाई. मागच्या पुस्तकात छापलाय तसाच कागदावर आहे. तो मी तोंडानं नाही म्हणणार. तुम्ही फक्त ‘पुढे’ म्हणा.”

मी म्हटलं, “पुढे.”

तो आमच्या टेबलाचा नियम झाला. पुस्तकाची दर वर्षी नवी आवृत्ती निघायची. दर वर्षी दोन ठोके यायचे, मी खूण करायचे आणि म्हणायचे, ‘पुढे’. मला वाटायचं, मी केवढी समजूतदार! त्या माणसाला तो शब्द उच्चारायला लावत नाही! तो शब्द खोडायला हवा, असं लिहून वर पाठवायचं मात्र मला एकतीस वर्षांत सुचलं नाही. पेन्सिल तर माझ्याच हातात होती.

मग तीन वर्षांपूर्वी चांगला दिवस आला. काठच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं अर्जामागून अर्ज केले, आणि समितीनं त्या एका ओळीच्या जागी आठ पानांचा धडा मंजूर केला. अध्यक्ष महोदय, त्यावर सही आपलीच होती. मी ते विसरलेले नाही.

त्या धड्यात काय आहे? ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण सोमवारनंतर तो वाचायला मिळणार नाही. काठच्या बायका मोठ्या इस्पितळाच्या चादरी धुवायच्या. रोज चारशे चादरी. पण त्या इस्पितळात काठच्या माणसाला प्रवेश नव्हता. जी चादर स्वतःच्या हातानं पांढरी केली, तिच्यावर आजारपणात पाठ टेकायची सोय नव्हती. थंडीच्या दिवसांत एक बाई अडलेली होती. तिला दारातून परत पाठवलं. तिला पायऱ्यासुद्धा उतरता आल्या नाहीत. तिथेच, पायरीवर, बाळंत झाली.

आठव्या दिवशी इस्पितळाची गाडी गाठोडी घेऊन काठावर आली, तेव्हा ती बाई बाळाला छातीशी बांधून उभी होती. तिनं गाठोडं उचललं, परत खाली ठेवलं आणि म्हणाली, “आज नाही.” तिच्या शेजारणीनं ठेवलं. मग तिच्या शेजारणीनं. एकोणीस दिवस त्या बायकांनी एक चादर धुतली नाही. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. रोज सकाळी पुलावर येऊन उभ्या राहायच्या, एवढंच. विसाव्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः पूल ओलांडून आले. म्हणाले, “काय पाहिजे तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “दार.”

पायरीवर जन्मलेलं ते बाळ म्हणजे आपले रेडिओ. ते हसत सांगायचे, “बाई, इस्पितळाबाहेर जन्मलो म्हणून वाचलो. आत त्या काळी फार माणसं मरत.”

दोन वर्षं तो धडा लिहून होत होता. हस्तलिखित टेबलावर आलं त्या दिवशी रेडिओ इस्त्रीचा सदरा घालून आले. आठ पानं त्यांनी अशी वाचली, अशी वाचली की जुळणीतली मंडळी दारात येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच ते ‘काठचे’ हा शब्द छापल्या जाणाऱ्या पुस्तकासाठी मोठ्यानं म्हणत होते. प्रत्येक वेळी आवाज थोडा चढायचा. मग पान त्रेचाळीस आलं. तिथे एक चित्र आहे, काठावर चादरी पिळणाऱ्या बायकांचं. डावीकडून तिसरी त्यांची आई. चित्र जुन्या पुस्तकातून कापून हस्तलिखितावर चिकटवलं होतं. आणि चित्राबरोबर त्याखालची जुनी ओळही चिकटून आली होती.

रेडिओ थांबले. टक, टक.

नेहमीपेक्षा जोरात. आज आठवतं, त्यांनी वर पाहिलं. ते वाट पाहत होते. सबंध धडा नव्या नावानं लिहिलेला, तेव्हा बाई आता ही ओळ खोडणार, एवढं तर ते गृहीत धरणारच ना? माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दंतवैद्याकडे जायचं होतं मला. माझ्या हातानं खूण केली, आणि माझं तोंड म्हणालं, “पुढे.”

चाळीस हजार प्रती.

तो धडा काठच्या शाळेत वाचायला उभी राहिली ती रेडिओंची नात. तिसरीतली. ‘ही माझी पणजी,’ असं आधी सगळ्या वर्गाला सांगून ती चित्राखालची ओळ वाचायला लागली आणि मधेच गप्प झाली. दुसऱ्या दिवशी काठची माणसं आपल्या फाटकाशी पुस्तकं हातात घेऊन उभी राहिली. त्यांनी आरडाओरड केली नाही. त्यांच्या आया जशा पुलावर उभ्या राहिल्या होत्या, तसेच ते उभे होते. आम्ही वरच्या खिडक्या बंद केल्या.

चौकशी झाली. अध्यक्षांनी विचारलं, “हे पान कोणी वाचलं?”

रेडिओ म्हणाले, “मी.”

“आणि बाईंनी?”

“मी वाचलं तशी बाईंनी खूण केली.”

खोटं होतं ते. त्यांनी तो शब्द वाचलाच नव्हता, आयुष्यात कधीच नाही. मी शेजारी उभी होते. माझ्या निवृत्तीला चाळीस दिवस उरले होते. मला वाटलं, नंतर सांगू. त्यांना घरी बसवलं. निरोप नाही, भाषण नाही, साधा गुच्छ नाही. आणि काठावर बातमी गेली ती अशी, की आपल्याच माणसानं वाचून तो शब्द पास केला. आज तिथे त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही.

समितीनं काय केलं? एक शब्द बदलायचा सोडून आठ पानंच काढून टाकायचं ठरवलं. “एका शब्दावरून एवढा गोंधळ झाला, तर आठ पानांवरून किती होईल?” असं अध्यक्ष म्हणाले. छापखान्यातल्यांना कळेल, एका फर्म्यात सोळा पानं, म्हणून आठ पानांचा नेमका अर्धा फर्मा भरतो. उचलला तर पुस्तकाला ओरखडाही पडत नाही. पान चाळीसनंतर सरळ धरणाचा धडा. त्या एकोणीस दिवसांचं पुस्तकात काही नाही, दार नाही, पायरी नाही. फोरमनदादा, नव्या आवृत्तीसाठी सोमवारी सकाळी आठला मशीन सुरू होणार ना? मान हलवू नका, मोठ्यानं सांगा. हो. सोमवारी सकाळी आठला.

मी मागच्या आठवड्यात रेडिओंच्या घरी गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो पूल पायी ओलांडला. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, “दादा, समारंभाला या. मी सगळं सांगणार आहे.”

म्हणाले, “आता कशाला, बाई? नात विचारते, आजोबा, तुम्ही हे वाचलंत? तिला काय सांगू? वाचलं नाही म्हणून राहिलं, हे तिसरीतल्या पोरीला कसं समजवायचं?”

मी म्हटलं, “माझं चुकलं.”

“दोघांचं चुकलं. मला वाटलं, ठोके दिले की ऐकू येतं.”

आतून नात विचारत होती, कोण आलंय? ते म्हणाले, “छापखान्यातल्या बाई आहेत. निघाल्या.” मग हळूच म्हणाले, “पूर्णविराम,” आणि दार लोटलं.

नाही, नाही, माईक बंद करू नका. थोडंच राहिलं आहे. मला माहीत आहे, निरोपाच्या भाषणात असं बोलत नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, चूक कबूल केली की अर्धी पुसली जाते. उरलेली अर्धी कशी पुसायची, ते त्यांनी शिकवलं नाही. म्हणून मी आपल्याकडे आले आहे, अध्यक्ष महोदय.

हे पाहा. पान त्रेचाळीसचं प्रूफ. पर्समध्ये घालून आणलंय, म्हणून घडी पडली आहे. ती ओळ मी खोडली आहे आणि वर लिहिलं आहे, ‘काठच्या बायका, इस्पितळाच्या चादरी धुताना’. समासात लिहिलं आहे: ‘चूक मुद्रितशोधकाची. वाचकानं हा शब्द वाचलेला नाही.’ खाली माझी सही आहे. तिच्याशेजारी आपल्या सहीची जागा मोकळी आहे. तेवढी सही झाली तर आठ पानं पुस्तकात राहतात, आणि हा कागद काठच्या शाळेच्या फळ्याशेजारी लावता येतो. एका मुलीला तिच्या आजोबांचं उत्तर मिळतं.

आपण घड्याळाकडे पाहताय. मीही त्या दिवशी तेच केलं होतं.

मी हात जोडते. पदर पसरायचा तर तोही पसरते. ही भेट दिलेली घड्याळाची पेटी परत घ्या, गुच्छ परत घ्या, माझ्याबद्दल बोललेले सगळे गोड शब्द परत घ्या. मला उद्यापासून काही काम नाही, आणि ज्या एका कामासाठी मी इथे असायला हवी होते, ते मी केलेलं नाही. मला शिक्षा करा, पण मुलांच्या हातातून ती पानं काढू नका. ती मुलं उद्या पुलावरून जातील. त्या बायका कोण होत्या, हे ज्यांना सांगितलंच नाही, ती मुलं बसच्या खिडकीतून काय ओरडतील? मला माहीत आहे ती काय ओरडतील. मी ओरडले आहे.

कागद मी आपल्यासमोर ठेवते. पेन्सिलही ठेवते, रेडिओंचीच आहे, टेबलाच्या खणात सापडली. मागची बाजू बघा कशी चेपली आहे.

आपण सर्वांनी वेळ काढलात, मला सांभाळून घेतलंत, शेवटपर्यंत ऐकलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा अवमान झाला असेल, मान द्यायचा राहिला असेल, वेळेची मर्यादा ओलांडली असेल, तर मोठ्या मनानं मला क्षमा करा.

पान त्रेचाळीसची चूक मात्र क्षमा करू नका. ती खोडा, वर बरोबर शब्द लिहा, सही करा. आणि मगच म्हणा, ‘पुढे’.