भंगलेला तुकडा पूजेत नसतो

मंडळी, आज एकच प्रश्न घेतलाय. खोटं बोलणारा पापी — हे तर शेंबडं पोरही सांगेल! पण ज्यानं कागदावर एक अक्षर खोटं लिहिलं नाही, फक्त खरं तेवढं गाळलं — त्याचं काय? त्याला कुठल्या रांगेत बसवायचं?

मागं हसू नका! ऐका.

एमआयडीसीत एक कारखाना. तिथं भागवत ढोमसे नावाचा गृहस्थ कामाला. गळ्यात माळ, एकादशी चुकवायचा नाही. काम काय? गाडीचे सुटे भाग मोडून बघायचे! हो, पगार मोडण्याचा! आपल्या घरी फुकट मोडतात, ते सोडा.

जीपचं चाक वळवणारा लोखंडी दांडा असतो ना, तो मशीनवर बांधायचा आणि झटके द्यायचे. किती? पाच लाख! दिवस-सव्वा दिवस मशीन थांबत नाही. तीन दांडे घ्यायचे, तिन्ही टिकले पाहिजेत. एक मोडला तरी सगळा माल नापास — असा नियम.

नवरात्र चाललेलं. चौथ्या माळेला पहिला दांडा बांधला — कडाड! पावणेचार लाखांवर मोडला. सहाव्या माळेला दुसरा — तोही तिथंच, दांडा जिथं वळतो त्या बाकाजवळ! आठव्या माळेला तिसरा बांधला... आणि हा टिकला हो!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मशीन धुतली, झेंडू बांधला, टिकलेल्या दांड्याला हळदकुंकू वाहिलं. भागवतनं मोडलेले दोन्ही दांडेही पाटावर ठेवले. वाळिंबेसाहेब — त्याचे वरिष्ठ — सोवळं नेसून आलेले. ते म्हणाले, "भागवत, अरे माळकरी ना तू? भंगलेलं पूजेत ठेवतात का? मूर्ती भंगली तर काय करतो आपण?"

"विसर्जन करतो, साहेब."

"मग? कर की."

काय शास्त्र आहे बघा! धर्माला धर्म, कामाला काम! भागवतनं दोन्ही तुकडे फडक्यात बांधले, इंद्रायणीत सोडले — वर हातही जोडले! आणि कागदावर लिहिलं, ‘तपासलेला दांडा पाच लाख झटके टिकला.’ खोटं आहे का? एक अक्षर नाही! रात्री जेवण गोड लागलं त्याला.

दीड वर्ष गेलं. घाटात एक वडाप जीप, माणसं भरून भाडं मारणारी, वळणावर सरळ गेली. सरळ! खाली दरी. तिघं गेले, त्यात चालक — सोपान घुगे. आणि लोकांचं तोंड तुम्हाला माहीतच आहे. मढं उठायच्या आत गाव बोललं, "प्यायला असणार!" तोही माळकरी, थेंबाला न शिवणारा. पण मेलेला माणूस काय सांगणार?

चौकशीला त्या जीपचा दांडा आला — भागवतच्याच टेबलावर. त्यानं फडकं सोडलं. बाकाजवळ मोडलेला. तीच जागा, तीच तिरकी भेग! भेगेवरून अंगठा फिरवला. अहो, ज्याचं विसर्जन केलं तोच घरी परत आला की!

फाटकाशी सोपानची बायको उभी, कमल. तिला भरपाई नको होती, काही नको होतं. म्हणाली, "दादा, तुमच्याबी गळ्यात माळ हाय. येवढंच सांगा — चूक ह्यांची व्हती का? पोरीला शाळंत दारुड्याची म्हणत्यात."

एक ‘नाही’ म्हणायचं होतं, मंडळी! दोन अक्षरं!

भागवत म्हणाला, "ताई, कागद वर जातो. आम्हाला बोलता येत नाही."

आत वाळिंबेसाहेब म्हणाले, "लिही — अपघाताच्या धक्क्यानं दांडा तुटला."

"साहेब, दांडा तुटला म्हणून अपघात..."

"मग ते दोन कुठायत, विचारतील. कुणी बुडवले, विचारतील. सांगशील?"

भागवतनं सही केली. बघा, पहिल्यांदा फक्त गाळलं होतं. दुसऱ्यांदा घडवावं लागलं! तसंच असतं ते.

अरे, देव भंगला तर विसर्जन, मान्य! पण परीक्षेत जो तुकडा मोडतो, तोच तर देव! तोच ओरडून सांगतो — बाबा, माणसं मरतील! त्याला नदीत सोडलं आणि जो गप्प राहिला त्याला कुंकू लावलं!

भागवतला शिक्षा? कसली! बढती मिळाली. दर एकादशीला कीर्तनाला येतो, पुढं बसतो, टाळही छान धरतो. आणि कमलची पोर? शाळा सोडली तिनं.

माना वळवून शेजारी कशाला बघता? भागवत कोण ते शोधताय? स्वतःचं बघा! सूनबाईंच्या माहेरी काय सांगितलं नाही? भावाच्या वाटणीत काय दाखवलं नाही? कुठला तुकडा कुठल्या नदीत सोडलाय?

आता गजर करायचाय. पण आज रीत वेगळी — ज्याच्या हातून काहीच बुडालं नाही, त्यानं पहिला आवाज द्यायचा. मृदंग, थांबा. द्या आवाज.

...

का हो? कुणीच नाही?

माझाही फुटत नाही.