तात्यारावांचं सरळ

नाही नाही, केसभर म्हणजे किती हे मला नका सांगू, मला! अहो, अख्खी नोकरी भोसरीच्या कंपनीत इन्स्पेक्शनला काढली. माल समोर यायचा, मी एक डोळा मिटून बघायचो आणि म्हणायचो, 'रिजेक्ट!' मग एक दिवस कंपनीनं माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळे मिटून, आणि दिली व्हीआरएस!

घरी बसलो. चिरंजीव सौरभ संगणकवाले, हिंजवडीला नोकरी, घरातही संगणक आणला आणि ठेवला कुठे? जेवणाच्या टेबलावर! की-बोर्डला लागून आमटी! मी म्हटलं, टेबल मी करतो. तर म्हणतो, "बाबा, रेडीमेड मिळतं ना, कशाला टेन्शन?" आणि आतून आमची ललिता, "करू दे रे, तेवढाच वेळ जाईल त्यांचा." तेवढाच वेळ जाईल! तुम्हाला सांगतो, तिथेच ठरवलं, असं टेबल करीन की दोघांनी म्हटलं पाहिजे, माणूस घरी बसला, नजर नाही बसली.

कसबा पेठेतून जुनं मशीन आणलं. लोखंडी टेबल आणि मधून वर आलेलं गोल करवतीचं पातं. मालक तात्याराव मिस्त्री, वारलेले. त्यांच्या यमुनाबाई म्हणाल्या, "न्या. पण पातं हलवू नका." का हो? "सांगायचं ते सांगितलं." दार बंद!

आता न हलवून कसं चालेल? पातं टेबलावरच्या खाचेला समांतर हवं, नाहीतर लाकूड तिरकं कापलं जातं. मी एका दात्यावर खडूची खूण केली, पुढे मोजलं, तोच दाता फिरवून मागे नेला, तिथे मोजलं... केसभर जास्त! केसभरच, पण मी रिजेक्टवाला माणूस! खालचे बोल्ट सैल केले, लाकडी हातोडीनं टुक-टुक केलं, पुन्हा आवळले, मोजलं, चोख. चहा घेऊन आलो, सहज मोजलं... केसभर!

"अहो, बोल्ट नीट आवळला नसेल," ललिता म्हणते. मला! इन्स्पेक्शनवाल्याला! परत सरळ केलं, जेवून आलो, केसभर. पेपर वाचून आलो, केसभर. बरं, दर वेळी त्याच बाजूला, तितकंच... जणू कोणी येऊन माझी चूक दुरुस्त करून जातंय!

मग प्लग काढून हातात घेतला आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. भर दुपार, खाली भंगारवाला ओरडतोय, आत कुकर शिट्ट्या मारतोय... आणि पातं हललं. हळूच हो! खडूचा दाता पुढे आला, थांबला, मागे गेला, थांबला. मी मोजतो अगदी तसं! आणि खालून आवाज... टुक... टुक... अहो, हातोडी माझ्या मांडीवर! अजून एकही फळी कापली नव्हती मी, आणि खोलीभर ताज्या सागवानी भुशाचा वास! घाबरलो, लपवत नाही. हातोडी हातात, चप्पल पायात आहे की नाही पत्ता नाही, तसाच कसब्यात!

"हलवलंत ना?" यमुनाबाई म्हणाल्या. भिंतीवर तात्यारावांचा फोटो, हार घातलेला, कानावर पेन्सिल, आणि बघतायत कुठे? फोटो काढणाऱ्याच्या शेजारी! "नजर तिरकी होती ह्यांची. केसभर. त्यांना तेच सरळ दिसायचं. लग्नात अंतरपाट दूर झाला तर माझ्याऐवजी माझ्या बहिणीकडे बघत होते. जन्मभर कबूल केलं नाही!"

"अहो, पण आता ते गेले ना?"

"गेले म्हणून काय मत बदलतील?"

घ्या!

घरी आलो, म्हटलं, तात्याराव, जिंकलात. त्यांच्या तिरक्या पात्यावर सगळं कापलं, जोडलं, आणि काय सांगू, असं चोख बसलं टेबल! सौरभला हाक मारली. त्यानं वर पेन्सिल ठेवली, ती घरंगळत खाली. "बाबा, धिस इज वाकडं." ललितानं तर नुसता खांद्यावर हात ठेवला. तो हात फार लागला हो मला. मी काटकोन बघायला गुण्या लावला, तर गुण्या वाकडा! ओळंबा सोडला, ओळंबा वाकडा! दाराची चौकट, कपाट, बुधवारातल्या दुकानांच्या पाट्या... सगळं रिजेक्ट! तेवढं एक टेबल सरळ. आणि काल जेवताना ललिता म्हणते, "अहो, मी इकडे बसलेय. तिकडे कुणाशी बोलताय?"

आता तुमच्यापाशी मन मोकळं करायला आलो, तर तुम्हीही तेच, 'इकडे बघून बोला!' अहो, तुमच्याकडेच बघतोय! ...नाही? तुम्ही केसभर अलीकडे? मग त्या खुर्चीत बसून मघापासून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतायत ते कोण? ...रिकामी आहे? रिकामी कशी असेल, कानावर पेन्सिल आहे हो त्यांच्या!

...जाऊ दे. उठवू नका त्यांना. माझं टेबल सरळ आहे म्हणणारा अख्ख्या पुण्यात तेवढा एकच माणूस उरलाय.